म्हशीच्या आंबोणातले तेल

जबलपूर शहराबाहेर परियट आणि गौर या दोन लहान नद्या वाहतात. त्यांच्या काठाने म्हशींचे गोठे वसले आहेत. काहींत पाच-दहा जनावरे, तर काहींत शेकडो. पहाटेच्या धारेच्या वेळी प्रत्येक म्हशीपुढे आंबोणाचे घमेले येते. त्यात डाळींची चुनी असते, गव्हाचा कोंडा असतो, एखादी पेंड आणि चिमूटभर मीठ असते. म्हैस नुकतीच व्यालेली असली म्हणजे पुष्कळ गोठ्यांत या आंबोणावर तेलाची धारही धरली जाते. तेल मोहरीचे, जवसाचे किंवा सोयाबीनचे. ज्या वेळी जे स्वस्त मिळेल ते. यामागचा हेतू उघड आहे. संकलन केंद्रावर दुधाचा भाव त्यातील स्निग्धांशावर ठरतो आणि घरोघरीचे गिऱ्हाईकही सायीची जाडी पाहूनच गवळ्याचे मोल करते. तेल हाही स्नेह आणि तूप हाही स्नेह. तेव्हा एक पोटात घातले म्हणजे दुसरे कासेतून निघावे, हा हिशेब वरवर पाहता अगदी सरळ दिसतो.

जनावराच्या पोटात मात्र तो तितका सरळ राहत नाही. तेलाचा हात सैल सुटला की काही दिवसांतच दुधाचा स्निग्धांश चढण्याऐवजी उतरू लागतो, म्हैस वैरणीला मनापासून तोंड लावीत नाही आणि शेणात न पचलेल्या काड्या दिसू लागतात. मालकाला वाटते, तेल कमी पडले. म्हणून तो ते आणखी वाढवतो. ज्या खर्चाने दुधाचा भाव वाढावयाचा, त्याच खर्चाने तो घटावा, हा प्रकार चमत्कारिक वाटला तरी त्यात गूढ असे काही नाही. मात्र तो समजून घेण्यासाठी गोठा सोडून म्हशीच्या पोटात शिरावे लागते.

तत्पूर्वी तेलाची बाजू मांडली पाहिजे, कारण तेल निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. धान्यातील पिष्टापासून जितकी ऊर्जा मिळते, तिच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा तितक्याच वजनाच्या तेलापासून मिळते. म्हणजे 200 ग्रॅम तेलाने जे काम होते, त्याला सुमारे 450 ग्रॅम भरडा लागेल. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. त्या काळात दूध झपाट्याने वाढत असते, पण भूक मात्र मागे रेंगाळत असते. जितके दुधावाटे जाते तितके तोंडावाटे येत नाही. मग जनावर स्वतःच्या अंगावरची चरबी झिजवून वासरासाठी आणि मालकासाठी दूध देते. बरगड्या दिसू लागतात, पुन्हा माजावर येणे लांबते आणि पुढचे वेत सहा-सहा महिने पुढे जाते. अशा वेळी थोड्या घासात अधिक शक्ती देणारा पदार्थ म्हणजे तेलच होय. दुसरा लाभ उन्हाळ्याचा. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. म्हशीची कातडी काळी आणि तिच्यातील घर्मग्रंथी विरळ, त्यामुळे तिला उष्मा सोसवत नाही. वैरण पचविताना शरीरात बरीच उष्णता निर्माण होते. तेल पचविताना ती त्या मानाने कमी होते. उन्हाळ्यात तेल बाधते असे पुष्कळांना वाटते; योग्य प्रमाण राखले तर वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

आता त्या पोटाकडे वळू. गाय-म्हशीचे पोट चार कप्प्यांचे असते आणि त्यातील पहिला कप्पा, ज्याला कोठीपोट म्हणतात, तो एकटाच शंभर लिटरांहून अधिक मावेल एवढा मोठा असतो. या कप्प्यात जनावराचा स्वतःचा पाचक रस एक थेंबही पाझरत नाही. तेथे राज्य आहे ते सूक्ष्मजीवांचे. त्या द्रवाच्या एका थेंबात अब्जावधींच्या घरात जीवाणू नांदत असतात. कडबा, भुसा, गवत यांतील तंतू माणसाला पचत नाहीत, तसे ते म्हशीलाही पचत नाहीत. ते पचवितात हे जीव. तंतू कुजवून ते ॲसेटिक आम्ल आणि त्याच्या जातीची इतर आम्ले तयार करतात, आणि म्हैस जगते ती मुख्यतः या आम्लांवर. सारांश, वैरण आपण म्हशीला घालतो असे म्हणत असलो, तरी वस्तुतः ती या अदृश्य पंगतीला वाढलेली असते आणि म्हैस त्या पंगतीच्या उष्ट्यावर पोसली जाते.

या पंगतीला तेल सोसत नाही. गवतापाल्यात मुळातच स्नेह थोडा, शंभर भागांत जेमतेम दोन-तीन. हजारो वर्षे या जीवांची घडण झाली ती तेवढ्यावरच. एकदम अधिक तेल आले म्हणजे दोन गोष्टी घडतात. तेलाचा पातळ थर तंतूंवर चढतो आणि जीवाणूंना तंतूला चिकटता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मोहरी, जवस, सोयाबीन यांसारख्या पातळ तेलांत जी असंपृक्त मेदाम्ले असतात, ती तंतू पचविणाऱ्या जीवाणूंना थेट विषासारखी बाधतात. म्हणून शेणात काड्या दिसतात आणि म्हणूनच वैरणीची इच्छा मंदावते. कोठी रिकामी झाल्यावाचून नवा घास कोठे जाणार?

स्निग्धांश का उतरतो, याचे उत्तरही येथेच सापडते. दुधातील तूप काही सगळेच्या सगळे आंबोणातून चालत आलेले नसते. त्यातील मेदाम्लांपैकी साधारण निम्मी कास स्वतः घडविते, आणि ती घडविण्यासाठी तिला लागणारा कच्चा माल म्हणजे मुख्यतः तेच ॲसेटिक आम्ल, जे भुसा आणि कडबा यांच्या कुजण्यातून येते. वैरणीचे पचन बिघडले की कासेचा कच्चा माल आटतो. दुधाच्या सायीचे मूळ पुष्कळसे भुशात आहे, हे वाक्य विनोदी वाटले तरी शास्त्रशुद्ध आहे.

बराच काळ विद्वानांची समजूत एवढ्यावर भागली. पण हिशेब पुरता जुळेना. ॲसेटिक आम्ल जितके घटे त्याच्या मानाने तूप फारच अधिक घटे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डेल बॉमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली याचा उलगडा केला. कोठीपोटातील जीव आपल्याला बाधणारी असंपृक्त आम्ले निरुपद्रवी करण्याचा प्रयत्न करतात. त्यांना हायड्रोजन जोडून संपृक्त बनवतात. या रूपांतराच्या वाटेवर काही अर्धवट रूपे तयार होतात. वैरण कमी, पीठ अधिक आणि वर तेल, अशी स्थिती झाली की ही वाट वाकडी होते आणि एक विशिष्ट अर्धवट रूप पुढे निसटून रक्तावाटे कासेपर्यंत पोहोचते. ते तेथे जाऊन तूप घडविण्याचे कामच मंद करते. या द्रव्याचे दिवसाला केवळ 10 ग्रॅम गायींच्या चौथ्या पोटात सोडले, तेव्हा चार दिवसांत त्यांच्या दुधातील स्निग्धांश चाळीस टक्क्यांहून अधिक घसरला. वाटीभर तेल ओतणाऱ्या मालकाच्या म्हशीचे काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

मग जनावराला तेल पचतच नाही काय? पचते, फक्त ते कोणत्या वेषात येते यावर सारे अवलंबून असते. याचे उत्तम उदाहरण मराठी मुलखातच आहे. जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय 1948 साली सुरू झाले, तेव्हा हे शहर मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. एकाच प्रांताच्या या दोन टोकांना जनावरांच्या खुराकाच्या दोन निरनिराळ्या परंपरा होत्या. महाकोशलात जवस, मोहरी आणि कारळे यांची पेंड. वऱ्हाडात कापूस, म्हणून सरकी आणि सरकीची ढेप. वऱ्हाडी शेतकरी सरकी भिजवून किंवा शिजवून दुभत्या जनावराला घाली आणि आजही घालतो. सरकीत शेकडा अठरा-वीस भाग तेल असते. तरीही त्या जनावरांच्या दुधाचा स्निग्धांश ढासळत नाही, उलट बहुधा सुधारतो. कारण सरकीतील तेल कवचाआड असते, वर लोकरीसारखी लव असते. रवंथ करताना ते थोडे थोडे सुटते आणि कोठीपोटातील जीवांना ते हळूहळू उरकता येते. शिवाय ती लव हाच मुळी उत्तम प्रतीचा तंतू आहे. बाटलीतले तेल एका क्षणात सगळ्या कोठीभर पसरते. बियातले तेल दिवसभर झिरपत राहते. तेल तेच, पण परिणाम दोन टोकांचे.

या सरकीने एक मजेदार पेच मात्र निर्माण केला. तुपाची शुद्धता ठरविण्यासाठी त्यातील उडून जाणाऱ्या आखूड मेदाम्लांचे मोजमाप करतात. त्याला रायकर्ट-माइसल अंक म्हणतात. ही आखूड आम्ले कासेतच घडतात, वनस्पती तेलात ती जवळजवळ नसतात. म्हणून अंक कमी आला की भेसळीचा संशय. पण सरकी खाणाऱ्या म्हशीच्या कासेत तेलातून आलेली लांब आम्ले अधिक पोहोचतात आणि आखूड आम्लांचा वाटा घटतो. म्हणजे पूर्ण प्रामाणिक वऱ्हाडी तूप प्रयोगशाळेत अपराधी ठरावयाचे! एवढेच नव्हे, तर सरकीचे तेल ओळखण्याची जी हालफेनची परीक्षा, तिचा लाल रंगही अशा तुपात उमटतो, कारण सरकीतील ती खूण जनावराच्या शरीरातून तुपापर्यंत उतरते. अखेरीस 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत ‘कापूस पट्टा’ असा वेगळा प्रदेश मानावा लागला. मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत इतर भागांतील तुपास हा अंक किमान 26 लागे, तर कापूस पट्ट्यातील तुपास 21 पुरे असे. जनावराने काय खाल्ले याची दखल कायद्याला घ्यावी लागली, अशी उदाहरणे फार नसतील.

महाकोशलातील पेंडीची कथा निराळी आहे आणि ती थोडी खेदाची आहे. गावच्या तेल्याच्या बैलघाण्यावर जवस किंवा तीळ गाळला की पेंडीत शेकडा दहा-बारा भाग तेल मागे राही. घाण्याची ती उणीव होती. पण तिच्यावर गावची गुरे पोसली जात. लोखंडी यंत्रघाणी आली तेव्हा हे प्रमाण सहा-आठवर उतरले. नंतर द्रावकाने तेल काढणारे कारखाने आले. ते बियातील तेल इतके धुऊन काढतात की पेंडीत जेमतेम एक भाग उरतो. 1960 नंतरच्या वर्षांत जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने सोयाबीनच्या संशोधनात पुढाकार घेतला आणि ते पीक मध्यप्रदेशात व पुढे विदर्भ-मराठवाड्यात पसरले. सोयाबीनचे तेल प्रायः या द्रावकाच्या पद्धतीनेच काढतात. त्याच्या पेंडीत प्रथिने भरपूर असतात, पण स्नेह नसतो. भाताच्या कोंड्याचेही तसेच. गिरणीतून ताजा निघालेला कोंडा शंभरात पंधराच्या आसपास तेल बाळगून असतो. तेल काढून घेतलेल्या कोंड्यात ते नाममात्र उरते. दोन्हींची पोती दिसावयास सारखी, नावेही जवळजवळ सारखी. आजोबांच्या काळी म्हशीला तेल न पाजताच तेल मिळत होते आणि नातवाला ते वेगळे विकत आणावे लागते, याचे कारण या पोत्यांत आहे. म्हणून तेल घालावे की नाही हे ठरविण्याआधी पेंड कोणत्या पद्धतीची आहे, हे दुकानदाराला विचारलेच पाहिजे. घाण्याची किंवा यंत्राची पेंड मिळत असेल तर वरून तेल ओतण्याचे बहुधा कारणच नाही. ताजा कोंडाही चांगला. मात्र तो लवकर खवट होतो, तेव्हा आठवड्याभराचा साठा करून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

प्रमाणाचा हिशेब अवघड नाही. दहा लिटर दूध देणारी म्हैस पाणी वगळता दिवसाला सुमारे बारा किलो शुष्क खाद्य खाते. त्यात मूळचाच स्नेह शंभरात तीन धरला तर 360 ग्रॅम झाला. एकंदर खाद्यात स्नेहाचे प्रमाण शंभरात सहाच्या वर जाऊ देऊ नये असे शास्त्र सांगते. म्हणजे कमाल मर्यादा 720 ग्रॅमची. कागदावर 360 ग्रॅमची जागा उरलेली दिसते. पण पातळ तेलाच्या बाबतीत ती सगळी भरण्याचा मोह आवरावा. 150 ते 200 ग्रॅमच्या पुढे जाण्याचे कारण नाही. आरंभ 50 ग्रॅमने करावा, दोन-अडीच आठवड्यांत हळूहळू चढवावा, रोजचे तेल दोन्ही वेळच्या आंबोणात वाटून भरड्यात चांगले चोळून द्यावे. पोटात वैरण भरपूर असली पाहिजे. भुसा कमी आणि तेल जास्त ही सर्वात घातक जोडी. तेलातील आम्ले कोठीपोटात चुन्याशी संयोग पावून साबण होतात आणि तेवढे कॅल्शियम शरीराला अंतरते, म्हणून खनिज मिश्रणात खंड पडू देऊ नये. जवसासारखे बारीक बी द्यावयाचे तर भरडून द्यावे, नाहीतर ते आख्खेच शेणातून बाहेर पडते. खवट तेल, किंवा खानावळीत पुन्हा पुन्हा तळून काळे झालेले तेल स्वस्त पडते म्हणून जनावराला घालणे ही काटकसर नव्हे. एरंडीच्या पेंडीला तर हातही लावू नये. ती विषारी असते.

चुन्याच्या साबणाचा हा जो उल्लेख आला, त्यातूनच एक नामी युक्ती निघाली. अमेरिकेतील ओहायो येथे पामक्विस्ट आणि जेंकिन्स यांनी 1980 नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की मेदाम्लांचा कॅल्शियमशी आधीच साबण करून घातला तर तो कोठीपोटात विरघळत नाही. तेथील जीवांना त्याचा उपद्रव होत नाही. पुढे चौथ्या पोटातील तीव्र आम्लात तो साबण फुटतो आणि स्नेह मोकळा होऊन आतड्यात शोषला जातो. तेलाने जणू पंगतीच्या कडेकडेने, कोणाच्या पानाला पाय न लावता, माजघरात जावे! बाजारात याला ‘बायपास फॅट’ म्हणतात. आपल्याकडे कर्नाल व आणंद येथील संस्थांनी त्यावर प्रयोग केले आहेत. दुभत्या जनावराला व्याल्यानंतरच्या काळात दिवसाला 100 ते 200 ग्रॅम देण्याची प्रथा आहे. किंमत तेलापेक्षा अधिक पडते, म्हणून पाच-सहा लिटरच्या म्हशीला ते परवडत नाही. तिला मूठभर सरकी किंवा चांगली पेंड पुरते. जास्त दुधाच्या जनावराला मात्र ते खर्चून देण्यात अर्थ आहे.

आणखी एक प्रश्न विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून आणतो. गरिबाच्या कढईत तेल जपून पडत असता ते म्हशीच्या घमेल्यात ओतावे काय? या दृष्टीनेही साबणाची युक्ती उजवी ठरते, कारण तो पुष्कळदा तेलाच्या शुद्धीकरणात मागे राहणाऱ्या, माणसाच्या खाण्यात न येणाऱ्या मेदाम्लांपासून करतात. बी आणि पेंड यांचेही तसेच. स्वयंपाकाचे तेल गोठ्यात नेणे हा शेवटचा उपाय असावा.

एका प्रसंगी मात्र तेल बाटलीने द्यावेच लागते. हिवाळ्यात जबलपूरच्या आसपास बरसीम पिकते. उपाशी म्हशीने कोवळे, दंव पडलेले बरसीम भरमसाट खाल्ले की कोठीपोटात साबणासारखा फेस दाटतो, वायू त्यात अडकून पडतो आणि डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते. श्वास कोंडून जनावर तासा-दोन तासांत दगावू शकते. येथे तेल औषध आहे: ते फेसाचे बुडबुडे फोडते आणि अडकलेला वायू ढेकरांवाटे मोकळा होतो. मोठ्या जनावराला पाव ते अर्धा लिटर गोडे तेल पुरते.

पण पाजण्याच्या पद्धतीत प्राण जातो. बांबूचे नळकांडे घशात खुपसून, मान आभाळाकडे ताणून, जीभ ओढून धरून तेल ओतण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. मान अशी ताणली आणि जीभ धरली म्हणजे जनावराला गिळता येत नाही. तेल श्वासनलिकेत उतरते. पाण्याचा थेंब चुकून गेला तर खोकल्याने निघतो. तेल निघत नाही. ते फुफ्फुसात बसते, दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो, आणि पोटफुगीतून वाचलेली म्हैस तापाने जाते. मालक म्हणतो, पोटफुगी उलटली. म्हणून तोंड जमिनीशी समांतर, फार तर किंचित वर धरावे, जीभ मोकळी ठेवावी, गालाच्या कोपऱ्यातून थोडे थोडे ओतावे, आणि प्रत्येक घोट गिळल्याचे गळ्यावर पाहूनच पुढचा द्यावा. जनावर खोकले की तत्काळ मान खाली सोडावी. ते आडवे पडले असेल किंवा त्याला गिळण्याची शुद्ध नसेल तर तेल मुळीच पाजू नये. अशा वेळी पशुवैद्य नळीने किंवा कुशीत छिद्र पाडून वायू काढतो, आणि त्याला बोलावणे धाडण्यात जी मिनिटे जातात तीच मोलाची असतात.

रोजच्या आंबोणातील तेलासाठी तर बाटली कधीच हाती घेऊ नये. ते भरड्यात चोळावे आणि म्हशीने आपल्या जिभेने, आपल्या वेळेने खावे. नवे तेल सुरू केल्यापासून पंधरा दिवस संकलन केंद्राच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि रोज सकाळी शेण पाहावे. चिठ्ठीवरचा आकडा उतरू लागला किंवा शेणात काड्या वाढल्या, तर त्या दिवशीच तेल निम्मे करावे आणि भुशाची पाटी वाढवावी.